योगिनीच्या ओवाळणीचं ग्राफिक्स कार्ड

धनराज बोडके माणूस वाईट नव्हे हो. इंदिरानगरात कुणालाही विचारा. गॅस संपला, पाहुण्याला स्टँडवर सोडायचंय, धनराजची स्कूटर तयार. त्याचं दुखणं एकच, समोरच्याला नाही म्हणायला त्याची जीभ कधी वळलीच नाही. व्हायचं काय, सकाळी एकाला हो, संध्याकाळी दुसऱ्याला हो, आणि दोघांतला जो गप्प बसेल त्याचं काम राहायचं. घरात गप्प बसणारी होती धाकटी बहीण, योगिनी.

दोन हजार चार साली अंबडच्या कंपनीत तो सुपरवायझर झाला आणि घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. तयार नको, सुटे भाग आणून जोडू, हे योगिनीचं म्हणणं. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचं तिला भलतंच वेड. मैत्रिणी मेंदीची पुस्तकं चाळत तेव्हा ही कॉम्प्युटरची मासिकं वाचायची. बोर्ड, रॅम, कॅबिनेट सगळं तिनंच निवडलं. ग्राफिक्स कार्ड तेवढं मागं राहिलं होतं. त्यावाचून गेम चाले, पण कसा? वळण आलं की गाडी जागच्या जागी उचक्या देई. "याच्यापेक्षा माझी सायकल बरी," योगिनी वैतागून म्हणायची.

कार्ड निवडण्यात तिनं अख्खा पावसाळा घालवला. कॅनडा कॉर्नर चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराला पार भंडावून सोडलं. याची मेमरी किती, त्याचा पंखा आवाज करतो का, आमच्या बोर्डावर बसेल ना? शेवटी एक पक्कं केलं नि भावाला म्हणाली, "दादा, यंदा भाऊबीजेला साडी नको. ओवाळणीत हेच घाल."

"घातलं म्हणून समज!"

दिवाळीच्या तोंडावर दोघं जाऊन घेऊनही आले. स्कूटरवर खोका तिनं पोटाशी धरला होता. घरी येताच तिनंच तो धनराजच्या कपाटात ठेवला. ओवाळणीआधी उघडायचा नाही, हा हट्टही तिचाच.

त्याच दिवाळीत विंचूरचं स्थळ जमलं. कांद्याचे व्यापारी, भरलेलं घर, मुलगा शांत. योगिनीलाही तो आवडला होता, उगाच खोटं कशाला बोला. भाऊबीजेला होणाऱ्या सासूबाई, यशोदाबाई, लेकीसुनांना घेऊन फराळाला आल्या. पाट मांडला, रांगोळी झाली, धनराज टोपी घालून बसणार तेवढ्यात आईनं, मंगलाबाईंनी, त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"अरे शहाण्या, पाहुण्यांदेखत तबकात तो खोका घालणार? पोरगी दिवसभर गेम खेळते म्हणून गावभर होईल! ही साडी घे. ते दे मागाहून."

"आई, शब्द दिलाय मी तिला."

"मग मी काय देऊ नको म्हणते?"

झालं! धनराजनं साडी घेतली. योगिनीनं ओवाळलं, त्यानं तबकात साडी ठेवली. "अगबाई, काय सुरेख रंग!" बायका म्हणाल्या. योगिनीनं एकदाच वर पाहिलं आणि वाकून भावाला नमस्कार केला.

संध्याकाळी देऊ म्हणाला, तर पाहुणे मुक्कामाला. मग याद्या, बस्ता, पत्रिका. "लग्न होऊ दे, नाहीतर ती कॉम्प्युटरपुढून उठायची नाही," आई म्हणाली, आणि यानं त्यालाही मान डोलावली. योगिनीनं मागितलं नाही. कपाटाची किल्ली समोर खिळ्याला होती, पण ओवाळणी कुणी आपल्या हातानं काढून घेतं का? ती भावानंच घालायची असते. ती मागेल म्हणून हा थांबला, हा देईल म्हणून ती. मार्गशीर्षात लग्न लागलं. पाठवणीला धनराज सगळ्यांत जास्त रडला, आणि का ते त्याचं त्यालाच माहीत.

पुढं दर भाऊबीजेला विंचूरला निघताना त्याला तो खोका टोचायचा. पण तिथं कॉम्प्युटरच नाही, ती लावणार कशाला, म्हणून तो घरीच राहायचा. काही वर्षांनी योगिनी फोनवर म्हणाली, आमच्याकडे हिशेबाला नवा कॉम्प्युटर आलाय. धनराज उडालाच! त्या भाऊबीजेला तिनं ओवाळलं तसा त्यानं खोका तबकात ठेवला.

योगिनीनं क्षणभर ओळखलं नाही. मग हसली, खोका उघडला आणि कार्डाच्या कडेवरून बोट फिरवलं. "किती जपून ठेवलंस रे!"

"चल, लावून देतो."

"नाही बसायचं, दादा. याची खाचच आता नव्या बोर्डांवर येत नाही. आपण घेतलं तेव्हाच बदलायला लागली होती."

म्हणजे ही अजून सगळं वाचते! धनराज घाईनं म्हणाला, "दुसरं आणतो. तू सांगशील ते. उद्याच."

"नको रे. गेम कोण खेळतंय आता? बसले तरी हात चालायचे नाहीत माझे." तिनं कार्ड खोक्यात घातलं, तो त्याच्या पिशवीत ठेवला, आणि त्याच्या ताटात करंजी वाढत म्हणाली, "पुढच्या वेळी साडीच आण. सासूबाईंना बरं वाटतं."

टोमणा असता तर धनराजनं आनंदानं खाल्ला असता. त्यानं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता.