अर्धा नमस्कार

तवा देवाबद्दल माझ्या तोंडून चांगला शब्द निघत नव्हता. माझ्या कारभारणीची कातडी ताणून लाकडावानी कडक होऊन राह्यली होती. बोटं वाकडी झाली, तळहात एकमेकाला टेकेनात. असा आजार क्वचितच दिसतो, असं जालन्याचे डॉक्टर म्हणले. दुखण्याबद्दल ती कधी बोलली न्हाई, पण देवघराकडं पाठ करून बसायला लागली. "हात जुळंनात, मंग कोणत्या तोंडानं जाऊ त्याच्यापुढं?" म्हणायची. पुढं तर खाणंबी सोडत आली. आजाराच्या आधी ही खंतच तिला नेणार, असं मला वाटाय लागलं.

डॉक्टरांनी आम्हाला अशा आजाऱ्यांशी बोलणाऱ्या एका बाईकडं पाठवलं. मी तोंडावरच म्हणलो, "गप्पाच मारायच्या तर आमच्या तीर्थपुरीत झाडाखालचे पार काय कमी हैत?" बाई हसल्या. "बसा काका. मीपण पेशंटच आहे." त्यांनी हात टेबलावर ठेवले. संधिवातानं बोटं बाभळीच्या मुळ्यांवानी पिळून गेल्ती. कारभारीण ते हात बघत राह्यली. मंग हळूच म्हणली, "बाई, तुम्ही देवाला हात कसे जोडता?"

"नाही जुळत, मावशी. फार रडले त्यापायी. आता एक हात माझा, दुसरा आईचा मागून घेते. तुमच्याजवळ तर काका आहेत."

"ह्यांचा? तंबाखूचा हात?"

मी धोतराला हात पुसला अन् तिच्या तळहाताला लावला. तिनं डोळे मिटले.

परतताना अंबडला गाडी बदलायची होती. डोंगरावरच्या देवीच्या पायऱ्या तिला झेपणाऱ्या नव्हत्या. खालूनच तिनं हात वर केला. लोक बघू लागले, मी अवघडलो. "लाजता काय या वयात? बराबर लावा," ती म्हणली. त्या रात्री भाकरी मागून जेवली.

पुढं रोज सकाळ-संध्याकाळ आमचा एक नमस्कार व्हायचा. पण थोडेच दिवस मिळाले. त्या बाई आधी भेटल्या असत्या, तर देवाकडं पाठ करून कारभारणीचे एवढे दिवस गेले नसते. हे अजून सलतं. एका सकाळी नमस्कारातच तिचा हात माझ्या हातावरून घसरला.

बाईंना सांगायला गेल्तो. आपला पिळलेला हात त्यांनी माझ्यापुढं उभा धरला, मी माझा लावला.

माझे दोन्ही हात अजून चांगले जुळतात. तरी देवघरापुढं मी एकच धरतो. दुसरा लावायचं आता त्याच्यावर सोडलंय.