नकाराच्या रकान्यात

"ए आशा, उभी राह."

आरोग्य खात्याची आढावा सभा होती. साऱ्या आशाबाया खुर्चीवर, मी एकटी उभी. भंडाऱ्यावरून आलेल्या साहेबानं माह्यं रजिस्टर दोन बोटांनी धरलं.

"सातवा महिना, सिकलसेलची बाई, आणि तपासणी एकदाही नाही! झोपा काढतेस का? तुमच्या मोहल्ल्यातल्या बायाच अशा. फुकट देऊनही अक्कल येत नाही."

हसले सारे. आमच्या उपकेंद्राची नर्सबाईही हसली. मले तिचाच जास्त राग आला. तिले खरं माहीत होतं ना! पण काय बोलाव, आपलेच दात, आपलेच ओठ.

ती बाई म्हणजे शीला, माह्या चुलतभावाची बायको. रोवण्याच्या दिवसांत पहाटेच बांधीत जाते, दिवसभर चिखलात वाकून धान लावते. उपकेंद्र दहाले उघडते, दोनले बंद. तरी मजुरी बुडवून ती दोनदा माह्यासंगं वेळेत आली. दोन्ही खेपेले कुलूप. दुसऱ्यांदा पायरीवरच बसली, रडाले लागली. "ताई, आता मले नको आणू. हाडं ठणकून राहिली."

साहेबानं रजिस्टर माह्यापुढं फेकलं. "नकार दिला म्हणून लिही. सही कर."

त्यात दोनच रकाने. तपासणी झाली, नाहीतर लाभार्थीनं नकार दिला. कुलूप होतं, याले रकानाच नाही. आन् इतकी वर्षं मी काय केलं? मुकाट नकार लिहिला. कितीक बायांच्या नावापुढं. सांगाले लाज वाटते.

त्या दिवशी हात चाललाच नाही.

"साहेब, तिनं नकार नाही दिला. तुम्ही दिला."

"काय म्हणालीस?"

"बाई दोनदा आली. दाराले कुलूप होतं. मी तेच लिहीन."

"तसा रकाना कुठे आहे?"

"रकाना नाही त बाई नाही का?"

रजिस्टर उचललं. मी उभ्याउभ्याच लिहिलं, रकान्याच्या बाहेर, मोठ्या अक्षरात. तो म्हणाला, कामावरून काढून टाकीन. टाक म्हणलं.

शीलाची तपासणी अजून झाली नाही. दिवस भरत आले. जीव जळते माहा. रोवण्यात दवाखाना संध्याकाळी उघडा पायजे, एवढी साधी गोष्ट कोणी आम्हाले विचारलीच नाही.

आता मी विचारून राहिली. जिच्या जिच्या नावापुढं नकार हाये, तिच्या घरी जाऊन. खरं काय झालं ते लिहून घेतो. ग्रामसभेत एकेक वाचीन, साहेबाले समोर बसवून. त्या नकारांच्या खाली माह्याच सह्या हायेत. त्याही वाचीन.