बाराव्या सीटवरचं सामान

“असू दे की. गाडीला काय जड होतंय?”

असं म्हणून अक्का व्हॅनचं मागचं दार लावायच्या आणि त्यावर तळहाताने दोनदा थोपटायच्या, म्हशीच्या पाठीवर थोपटावं तसं. मग साडीवर घातलेल्या खाकी शर्टाच्या बाह्या दुमडून स्टिअरिंगमागे बसायच्या.

बेंगळुरूतल्या येलहंक्याच्या आमच्या सोसायटीतली अकरा मुलं त्यांच्या पिवळ्या व्हॅनमधून शाळेत जायची. माझी मुलगी आता आठवीत आहे, तेव्हा दुसरीत होती. व्हॅन बारा सीटची होती. बाराव्या सीटवर सामान बसायचं. बसायचं असंच म्हणायला हवं, कारण मुलांसारखा त्यालाही पट्टा बांधलेला असायचा. बारावं मूल घ्या म्हणून लोक मागे लागायचे, पण त्यांनी ते कधी घेतलं नाही.

जॅक, स्टेपनी, दोर, टॉर्च हे कोणाच्याही गाडीत असतं, किंवा असायला हवं. अक्कांकडे त्याशिवाय पाण्याचा कॅन होता, चिरमुऱ्यांचा डबा होता, मीठ-साखरेच्या पुड्या, ताडपत्री, जुन्या ओढण्या, सेफ्टी पिना, वेगवेगळ्या मापांच्या रबरी चपला. प्रत्येक मुलाची चड्डी नाव लिहिलेल्या पिशवीत. पालकांचे फोन नंबर कागदावर, कागद प्लॅस्टिकमध्ये. “मोबाइल मेला तर नंबर पण त्याच्याबरोबर जळायचे काय?” असं त्या विचारायच्या. आणि या सगळ्याच्या तळाशी झाकणाची एक निळी बादली, अर्धी लाकडाच्या भुशाने भरलेली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती जवळ असताना आपण हसतो.

त्या निपाणीकडच्या. मी गडहिंग्लजचा, नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला आणि घरातला पहिला पदवीधर. मी गडहिंग्लजचा आहे हे कळल्यापासून त्या मला ‘पाव्हणं’ म्हणायच्या. मी ज्या कंपनीत काम करतो तिथे संकट आल्यावर कोणी काय करायचं याचे तक्ते मी बनवतो. एकदा मोठ्या अभिमानाने मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “मग तुमच्या डिकीत काय असतंय, पाव्हणं?” माझ्या डिकीत एक छत्री होती. तीही दुसऱ्याची होती.

दर अमावास्येला इथले चालक गाडीला हार घालतात, चाकांखाली लिंबं ठेवतात. अक्काही चार लिंबं ठेवायच्या. पण त्याआधी करंजाच्या झाडाखाली चादर पसरून बाराव्या सीटवरचं सगळं बाहेर काढायच्या. पाणी झाडाला ओतून नवं भरायचं, चिरमुरे खाऊन बघायचे, टॉर्च लावून बघायचा. सुट्टी असली की मुलंही मदतीला असायची. “लिंबू देवासाठी,” त्या म्हणायच्या, “टॉर्च माझ्यासाठी.”

मोठ्यांना मात्र हे सगळं खुपायला लागलं होतं. आमच्या पालकांच्या ग्रुपच्या ॲडमिन पुण्याच्या, एका आयटी कंपनीत मोठ्या पदावर. त्यांचा मुलगा पहिलीत. त्यांनी एक नवी व्हॅन शोधून काढली. एसी, कॅमेरा, मोबाइलवर नकाशा, सगळं होतं. मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, “प्लीज, गैरसमज नको. अक्का आर व्हेरी स्वीट. पण एवढं जंक? आणि ती बादली? मुलांच्या गाडीत? इट्स नॉट डिग्निफाइड.” पत्र तयार झालं. एक तारखेपासून आपली सेवा नको. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. शिकलेली माणसं करत होती, म्हणून मी केली. दुसरं कारण आजही सापडत नाही.

“तुम्ही तिकडचेच ना? तुमचं ऐकतील,” असं म्हणून पत्र माझ्या हातात देण्यात आलं.

त्या दिवशी शाळेत पालकसभा होती. सभा संपली, टॅक्सी मिळेना. अक्का म्हणाल्या, “बसा की पुढं.” मुलं उतरली की पत्र द्यायचं असं ठरवून मी बसलो. तीन किलोमीटर गेलो असू, एवढ्यात समोरची वाहनं थांबली. पुलाची तुळई नेणारा एक लांबच लांब ट्रेलर वळणावर आडवा झाला होता आणि त्याचं मागचं चाक गटारात गेलं होतं. क्रेन येईपर्यंत काही हलणार नव्हतं. मध्ये दुभाजक, मागे हजार गाड्या, वर दुपारचं ऊन.

पंधरा मिनिटांनी अक्का समोर बघतच म्हणाल्या, “पाव्हणं, चौथ्यांदा खिसा चाचपला तुम्ही. काय द्यायचं असलं तर द्या. गाडी उभीच आहे.”

मी पत्र काढलं. ते इंग्रजीत होतं, त्यामुळे मलाच मराठीत वाचून दाखवावं लागलं. ‘अनावश्यक सामान’ वाचलं. ‘उघडी बादली’ वाचलं.

“उघडी न्हवं,” त्या म्हणाल्या. “झाकण आहे तिला.”

मी पुढे वाचलं. शेवटी त्यांनी विचारलं, “तुमची सही?”

“आहे.”

“सरी, ठीक आहे.” त्यांनी किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली. “एक तारखेपासनं ना? आज काय एक तारीख न्हाई. आज पोरं माझी आहेत.”

आणि त्या खाली उतरल्या.

पुढचे तीन तास मी जे पाहिलं ते माझ्या कुठल्याही तक्त्यात नव्हतं. ओढण्या पाण्यात भिजून खिडक्यांना लागल्या. प्रत्येकाला अर्धा पेला पाणी, दर अर्ध्या तासाने, आधी लहानांना. चिरमुरे खाऊन झाल्यावर मुलांनी सीटवरच नाव-गाव-फळ-फुलाचा डाव मांडला. सगळ्यांच्या घरी फोन करायचं काम माझ्याकडे आलं. नेटवर्क दमलं होतं, दहादा लावावं तेव्हा एक लागायचा. माझा मोबाइल बंद पडला तेव्हा अक्कांनी प्लॅस्टिकमधला कागद आणि स्वतःचा फोन पुढे केला.

ॲडमिनबाईंचा मुलगा मात्र खेळेना. मांड्या आवळून, ओठ दाबून खिडकीशी बसला होता. अक्कांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. व्हॅनच्या मागच्या दाराला ताडपत्री बांधली, आत बादली ठेवली आणि हुकूम सोडला, “सगळ्यांनी पुढं तोंड. सातचा पाढा. मोठ्यानं.” दहा मुलांनी अक्कांनीच शिकवलेला सातचा पाढा इतक्या जोरात म्हटला की शेजारच्या बसमधले लोक वाकून बघू लागले. तो मुलगा पडद्याबाहेर आला तो “सात दाहे सत्तर” म्हणतच.

“माझं पहिलं वर्ष होतं,” भुसा टाकून, झाकण लावून अक्का मला म्हणाल्या. “पंक्चर झालं, स्टेपनी नव्हती. दोन तास रस्त्यावर. एक पोरगं असंच दाबून बसलं आणि मग नाही राहिलं. बाकीची हसली. दुसऱ्या दिवसापासनं ते आलंच न्हाई. कशावर हसायचं ते पोरांना कळत न्हाई ओ, मोठ्या माणसानं सोय करायची असती.”

पत्रातही आलेला तो शब्द, ‘डिग्निफाइड’, मराठीत कसा सांगावा हे मला मघाशी सुचलं नव्हतं. आता सांगायची गरज राहिली नव्हती.

हळूहळू बातमी पसरली. एक तरुण जोडपं पाणी मागायला आलं. कोणाच्या गाडीची बॅटरी उतरली होती, तिला वायर जोडून दिली. मागच्या रिक्षातल्या एका आजोबांचे हात कापायला लागले, अंगाला दरदरून घाम सुटला. त्यांच्या बायकोने साखरेच्या आजाराच्या गोळीचं नाव सांगताच अक्कांनी साखर कालवलेला पेला त्यांच्या ओठांना लावला आणि रिक्षातच त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. दहा मिनिटांनी आजोबांनी डोळे नीट उघडले आणि कन्नडमध्ये विचारलं, “कोण ग तू, बाई?” अक्का म्हणाल्या, “स्कूल व्हॅनवाली. अजून स्वल्प प्या.”

सहा वाजता गाड्यांच्या रांगांमधून ॲडमिनबाई आल्या. नकाशावरची लाल रेघ हलेना म्हणून टॅक्सी सोडून अडीच किलोमीटर चालत आल्या होत्या. एका सॅन्डलचा पट्टा तुटला होता, तो हातात. मुलाला बघून त्यांचा चेहरा रडवेला झाला. मुलगा म्हणाला, “मम्मा, थांब ना. माझा डाव आहे.”

अक्कांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि पिशवीतून रबरी चपला काढल्या. “सहा नंबर ना? घाला. बसा हितं पायरीवर.”

बाईंनी चपला घातल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, “तुम्ही… दिलंत का ते?”

“दिलं त्यांनी,” उत्तर अक्कांनी दिलं. “पाणी प्या आधी.”

बाई दोन पेले पाणी प्यायल्या. मग अक्कांच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलल्या. अक्कांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. त्यांनी ताडपत्री नीट केली आणि मुलांकडे वळल्या.

“पुढं तोंड. तेराचा पाढा.”

तेराचा पाढा मुलांना पुरता येत नव्हता. तेर सक अठ्ठ्याहत्तरच्या पुढे मी एकट्यानेच म्हटला, रस्त्याकडे तोंड करून, अख्ख्या वाहतुकीला ऐकू जाईल असा. नगरपालिकेच्या शाळेने दिलेल्या विद्येचा इतका उपयोग मला त्याआधी कधी झाला नव्हता.

पावणेसातला ट्रेलर हलला. साडेसातला आम्ही सोसायटीत शिरलो तेव्हा गेटवर सगळे पालक जमले होते, कोणी रडत, कोणी शाळेला शिव्या देत. व्हॅनचं दार उघडलं. अकरा मुलं, एकही ओलं नाही, उपाशी नाही, रडत नाही. डाव अर्धा राहिला म्हणून दोघं उतरायलाच तयार नव्हती. ॲडमिनबाई सर्वांत शेवटी उतरल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी पत्र दिलं. त्यांनी ते सर्वांसमोर चार तुकडे करून पर्समध्ये टाकलं आणि अक्कांना म्हणाल्या, “आय ॲम सॉरी. म्हणजे… चुकलं आमचं.”

“असू दे,” अक्का म्हणाल्या. “उद्या पोरांना पाच मिनिटं उशिरा खाली पाठवा. सकाळी मला गाडी धुवायची आहे, उशीर होईल.”

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्या गडबडीत नव्या व्हॅनवाल्याला नको म्हणून कळवायचं राहून गेलं. त्याला सकाळी एक फेरी मारून दाखवायला बोलावलेलं होतं. तो वेळेवर आला. पांढरीशुभ्र गाडी, दार आपोआप सरकणारं. मुलांनी ते दार सरकताना एकदा पाहिलं, पुन्हा सरकवायला लावलं, त्याला थँक्यू म्हटलं आणि अक्कांच्या गाडीत जाऊन बसली.

ॲडमिनबाई त्याची माफी मागायला पुढे झाल्या. तो पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्याचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. तो अक्कांच्या उघड्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

“काल मीही तिथेच होतो, अक्का,” तो कन्नडमध्ये म्हणाला. “तुमच्या बरंच मागं. गाडीत दुसऱ्या शाळेची नऊ पोरं. आणि पाण्याची एक बाटली.”

अक्का त्याच्याकडे वळल्या. त्याचे डोळे अजून लाल होते.

“लिहून द्या काय काय ठेवायचं ते,” तो म्हणाला.

“लिहून कळत न्हाई, अण्णा,” अक्का म्हणाल्या. “दुकानात चला. पोरांना सोडते, मग दाखवते एकेक.”

त्या सकाळी आमच्या गेटमधून दोन गाड्या बाहेर पडल्या. पुढे अक्कांची, अकरा मुलांच्या आवाजाने भरलेली. मागे ती नवी, रिकामी, काचा खाली केलेली. अक्कांनी डावीकडचा दिवा लावला की तिचाही लागायचा. कोपऱ्यावरून दिसेनाशा होईपर्यंत आम्ही सगळे पालक रस्त्यातच उभे होतो.