तार काढायची वेळ

आमचे हे फौजेत. दोन वर्षांपूर्वी हिमाचलातून सुट्टीवर आले, तेव्हा ट्रंकेतून आधी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं वीतभर रोप निघालं. स्प्रूस म्हणे. बर्फातलं झाड, आमच्या कोयनानगरात कसं जगायचं? पण यांना त्याचा बोन्साय करायचा होता. पसरट कुंडीत लावलं, कोवळ्या खोडाला तार गुंडाळली आणि अलगद वाक दिला.

"दीड वर्षात वाक धरंल," म्हणाले. "तार काढायला मीच येतो. मग परत जाणार न्हाई, पेन्शनच घेतो."

त्या बोलीवर मी झाड सांभाळलं. शाळेत शिकवायचं, सासूबाईंचे गुडघे चोळायचे, वर हे एक बाळंतपण. उन्हाळ्यात मधल्या सुट्टीत पळत घरी यायचं, मुळं तापू नयेत म्हणून कुंडीभोवतीचं गोणपाट भिजवायचं. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून कुंडी तिरकी करायची. आणि हे व्हिडिओ कॉलवर सांगणार, "लय पाणी घालू नको गं." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! मधे सुट्टीवर आले, ते रहिमतपूरला आमच्या शेतावर उसाच्या तोडणीतच अडकले. "तार राहू दे अजून," म्हणाले.

दीड वर्ष झालं आणि यांनी नोकरी दोन वर्षं वाढवून घेतली. मला विचारलं नाही, नुसतं फोनवर सांगितलं. लगेच पुढे, "झाड कसं हाय?" मेलं, म्हणावंसं वाटलं. "बरं हाय," म्हटलं.

गेल्या महिन्यात पाहिलं तर तार सालीत रुतलेली, दोन्ही बाजूंनी खोड सुजलेलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, फास बसलाय त्येला. त्यो येईल तवा येईल, तू काढ."

तार उलगडली तर साल निघते, म्हणून पकडीने एकेक वेढा तोडत बसले. रविवारची सगळी दुपार गेली. बोटं दुखली, रडूही आलं. शेवटचा तुकडा निघाला. सालीवर तारेचे वळ उमटलेले, आणि खोड यांनी दिलेल्या वाकातच राहिलं.

संध्याकाळी यांचा व्हिडिओ कॉल आला. मी झाड दाखवलं. "तार कुणी काढली? मी येणार होतो न्हवं?"

"आवं, झाड थांबलं न्हाई तुमच्यासाठी. आणि मी लय दमले आता."

हे हळूच म्हणाले, "वळ जातील का गं?"

"तुमीच बघा. झाडातलं तुमाला कळतं."

फोन खोडासमोर उभा करून ठेवला आणि मी भाकरी टाकायला आत गेले.