आधी अण्णाला

आपल्या घरातली गोड बातमी दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडू देणं हा गुन्हा आहे आणि सरकारनं त्याला काहीतरी शिक्षा ठेवायला हवी, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. ते म्हणजे लोहाऱ्याचे आमचे घरमालक. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला त्या सुमारास मी मास्तर म्हणून लोहाऱ्याला गेलो आणि त्यांच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. सारं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. धंदा बांगड्यांचा. पुढच्या सोप्यात बसून चाची बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या आणि चाचा माल आणायचे. डोक्यावर बांगड्यांची पेटी असली की ते इतके हळू चालत, की बघणाऱ्याला पेंग यावी. वाटेत खडा दिसला तर आधी त्याच्याकडे नीट बघून घ्यायचं आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. पण घरात काही चांगलं घडलं की हाच माणूस चपला हातात घेऊन, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून, टोपीखाली साखरेची पुडी दडवून असा पळत सुटायचा, की हाक मारणाऱ्याची हाक अर्ध्यावर राहायची. साखर पोचेपर्यंत घामानं तिचा पाक व्हायचा. तो पाक अण्णा बोटानं चाटून खायचे.

अण्णा म्हणजे चाचांचे लहानपणापासूनचे दोस्त. उमरग्याच्या वाटेवर दोन कोसांवर त्यांचं गाव होतं. मधे एक ओढा. देह एवढा अवाढव्य, की चिंचेखालच्या ज्या बाजेवर ते दिवसभर बसत ती बाज आणि ते मिळून एकच वस्तू आहे, असा माझा बरेच दिवस समज होता. शेतं गडी बघायचे, घर त्यांची बायको अक्का बघायच्या आणि अण्णा चिंचेखाली बसून साऱ्या जगाला सल्ले द्यायचे. चाचा आयुष्यात जे काही पळाले ते या एका बाजेच्या दिशेनं. मी नवा होतो तेव्हा शहाणपणा करून विचारलं होतं, "चाचा, आता मोटार सुरू झालीय. एवढं ऊर फुटेस्तोवर पळता कशाला?"

"मास्तर," ते म्हणाले, "मोटारीत मानूस बसला की खबर बी बसती. मंग तिला झोप लागती."

थोरली मुलगी झाली तेव्हाची हकिकत चाचींनी मला कितीदा तरी सांगितली. आतून रडण्याचा पहिला आवाज आला आणि चाचा ओट्यावरून थेट रस्त्यावर. सुईण बाहेर येऊन बघते तो बाळाचा बाप गायब. बाळाच्या कानात अजान द्यायला बाप हवा, तर बाप तोवर ओढा ओलांडून गेलेला. शेवटी ते काम आजोबांनी केलं. तिकडं अण्णांनी साखर खाल्ली, डोळे पुसले आणि विचारलं, "पोरगा का पोरगी?" चाचांनी कपाळावर हात मारला. ते विचारायचंच राहून गेलं होतं. तसेच उलटे पळत आले, दारातून विचारलं आणि परत पळत गेले. पुढच्या खेपेला मात्र ते शहाणे झाले होते. दाराशी थांबले, मुलगा झाल्याची खात्री करून घेतली आणि मग निघाले. ते वेशीबाहेर पडले आणि इकडं दुसरा मुलगा झाला. जुळे होते. ही दुसरी बातमी घेऊन ते पुन्हा गेले तेव्हा अण्णा म्हणाले, "का रं, घरी अजून किती ऱ्हायलेत ते एकदाच बघून ये की!" त्या दिवशी चाचा इतके दमले, की जुळ्यांची तोंडं त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिली.

पळताना वाटेत कुणालाही काही सांगायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. शेतातल्या बाया ओरडायच्या, "काय झालं वो चाचा?" चाचा पळता पळताच म्हणायचे, "आधी अण्णाला!" मग त्या बाया बांधावर बसून ते परत येण्याची वाट पाहायच्या. परतताना ते निवांत, प्रत्येक बांधावर थांबत, बातमी वाटत यायचे. एकदा तर नव्यानं आलेल्या एका जमादारानं चपला हातात घेऊन पळणारा हा माणूस बघितला आणि चोर समजून धरलाच. "का पळतोस?" चाचा गप्प. "टोपीखाली काय आहे?" चाचा गप्प. जमादारानं दंडुका दाखवला तरी तोंडातून अक्षर नाही, कारण अण्णांना अजून कळायचं होतं. शेवटी जमादार सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर अण्णांच्या बाजेपर्यंत गेला. तिथं चाचांनी जाहीर केलं, की घरच्या विहिरीला पाणी लागलं. जमादाराच्या तळहातावरही थोडा पाक पडला. तो मुकाट्यानं खाऊन गेला.

मी हे सगळं हसत ऐकायचो. एकदा चाचींपाशी म्हणालोही, की चाचांचं हे वेड जगावेगळं आहे. हातातल्या बांगड्या खाली ठेवून त्या म्हणाल्या, "वेड न्हवं मास्तर. अण्णाच्या घरी पाळना हालला न्हाय. आमची थोरली व्हायच्या टायमाला ह्यांला भ्या वाटलं, कुनी तरी जाऊन त्यांला टोमना मारल, दोस्ताला पोर झालं, तुमचं काय म्हून. लोकं लई वंगाळ बोलत्यात. तसं कुनी बोलायच्या आत हे जाऊन म्हनले, अण्णा, पोरगी झाली, नाव तू ठेव." अण्णांनी नाव ठेवलं गोदावरी. कागदावर तिचं नाव निराळंच होतं, पण मुसलमानाच्या त्या घरात ती कायमची गोदी झाली. तेव्हापासून त्या घरची साखर आधी अण्णांच्या तोंडात आणि मग गावाच्या. चाचींचं हे बोलणं ऐकल्यावर मी चाचांच्या पळण्याला हसायचो खरा, पण पहिल्यासारखा नाही.

अशी ही दोस्ती मोडली ती गोदीच्या सोयरिकीवरून. अणदूरकडचे पाहुणे अचानक आले, त्यांना मुलगी पसंत पडली आणि बसल्या बैठकीत सगळं ठरलं. चाचांनी चपला हातात घेतल्या. पण पाहुणे जेवायला बसायचे होते आणि यजमान पळून गेला तर कसं दिसेल! तेव्हा सोलापूरहून आलेला त्यांचा मेहुणा, जो स्वतःला फार सुधारलेला समजायचा, तो म्हणाला, "तुमी बसा. मोटार निघालीच हाय, कंडक्टरला सांगून येतो." आणि त्यानं सांगितलं. चिंचेसमोर मोटार थांबली आणि कंडक्टरनं दारातूनच, साऱ्या प्रवाशांदेखत, आरोळी ठोकली, "ओ अण्णा, तुमच्या दोस्ताच्या पोरीचं जमलं!"

दुसऱ्या दिवशी पहाटे चाचा पळत गेले. अण्णा बाजेवर पाठ फिरवून पडले होते. म्हणाले, "कळलं मला. तिकीट काढून आली तुझी खबर."

चाचांना ते लागलं. जन्मभर पळालो, एकदा नाही पळालो तर एवढं बोलावं? तेही तडक माघारी फिरले. लग्नात अण्णा बैलगाडीनं आले, मांडवाच्या कडेला बसले, गोदीच्या डोक्यावर हात ठेवून भारी लुगड्याचा आहेर केला आणि चाचांशी एक शब्द न बोलता निघून गेले. चाचांनीही त्यांच्याकडे बघितलं नाही. मी मधे पडून पाहिलं, मशिदीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगून पाहिलं. दोघेही हट्टाला पेटलेले. पुढं जुळ्यांपैकी एकजण मॅट्रिक पास झाला. एरवी त्या बातमीनं ओढ्याचं पाणी उडालं असतं. चाचांनी नुसतं "बरं झालं" म्हटलं आणि पान लावायला घेतलं. घरात गोड गोष्टी घडत होत्या, पण त्यांना कुठं जायला जागा नव्हती. मला तर ते घर सुतकात असल्यासारखं वाटायचं.

अशात गोदी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आता काय होणार, याची काळजी साऱ्या आळीला. बाळ सुखरूप होईल याबद्दल कुणाला शंका नव्हती; काळजी होती ती बातमीची. आणि एका दुपारी बाळाचा ट्यँहा ऐकू आला. मुलगी झाली. चाचांनी अजान दिली, नातीचं तोंड पाहिलं आणि दुकानात येऊन बांगड्या पुसत बसले. चाचींनी साखरेचं ताट भरून दारात आणून ठेवलं.

"वाटू का साखर?" त्यांनी विचारलं.

"वाटा की. कुनी अडवलंय?"

पण घेईना कुणीच. शेजारची एक म्हातारी ताटापर्यंत आली आणि हात मागं घेऊन म्हणाली, "आधी अण्णाला." बाकीच्या बायाही नुसत्या उभ्या. ताटाला मुंग्या लागायची वेळ आली. चाचा तीच बांगडी पुन्हा पुन्हा पुसत होते. मी ओट्यावर बसून ते बघत होतो आणि मला त्यांचा रागही येत होता आणि दयाही. एवढ्यात स्टँडाकडून मोटारीचा भोंगा वाजला. चाचांनी मान वर केली.

"मास्तर, उमरग्याची का?"

"हो."

"कंडक्टरला कळलं असंल?"

"स्टँडावर साऱ्यांनाच कळलंय, चाचा."

ते उठले. चपला हातात घेण्याचंही भान नव्हतं. एक पायात राहिली, एक दुकानात. पायजमा सावरत ते वेशीकडे सुटले आणि तिथून रस्ता सोडून आडवे शेतात घुसले. आता वय झालेलं, वर्षभर पळण्याची सवय गेलेली. मला धास्ती वाटली. मी सायकल काढली आणि रस्त्यानं त्या मोटारीमागं लागलो. मोटार दर मैलाला थांबत होती, म्हणून तर माझी सायकल तिच्या मागोमाग चिंचेपाशी पोचली. चाचांचा पत्ता नव्हता. कंडक्टर दारात उभा राहून छाती भरून घेत होता. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत त्यानं आरोळी ठोकलीच.

आणि बघतो तर अण्णा बाजेवर दोन्ही कानांत बोटं घालून बसलेले. डोळे मोटारीकडे नव्हतेच, ओढ्याकडच्या पायवाटेवर होते. कंडक्टर पुन्हा ओरडला तशी त्यांनी बोटं आणखी आत खुपसली आणि जोरजोरानं मान हलवली. अक्का दारातून मला म्हणाल्या, "गोदी माहेरी आल्याचं कळल्यापास्नं रोज असंच चाललंय. मोटार आली की कान बंद. म्या म्हनलं, एवढी आस हाय तर जावा की तिकडं. तर म्हनत्यात, त्यो येईल."

मोटार निघून गेली, धूळ खाली बसली, तेव्हा पायवाटेवर चाचा दिसले. पळत होते असं म्हणवत नाही. पडत, उठत, एका चपलेनं लंगडत येत होते. अण्णांनी कानांतली बोटं काढली. आणि मग ज्या देहाला बाजेवरून हललेलं गावानं क्वचितच पाहिलं होतं तो देह उठून उभा राहिला आणि पुढं गेला. चाचांना बोलता येईना. नुसते ओठ हलत होते. अण्णांनी त्यांना दंडाला धरून बाजेवर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाले, "आधी दम घे. मला काय बी म्हाईत न्हाय अजून."

चाचा पाणी पीत होते आणि रडत होते. अण्णा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी सायकल फिरवली. ती बातमी माझ्यासमोर सांगितली जाऊ नये असं मला वाटलं. दिवेलागणीला अण्णांची बैलगाडी लोहाऱ्यात शिरली, पुढं अण्णा आणि मागं चाचा-अक्का, आणि मग कुठं आळीनं साखर खाल्ली.

पुढं माझी बदली उस्मानाबादला झाली. काही वर्षांनी तिथं मला मुलगी झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो. आनंदानं नुसतं ऊर भरून आलेलं, पण एवढ्या मोठ्या गावात हे कुणाला पळत जाऊन सांगावं ते सुचेना. शाळेत उद्या पेढे वाटले असते, सासऱ्यांना कार्ड टाकलं असतं. बायकोला सांगितलं, संध्याकाळपर्यंत येतो, आणि लोहाऱ्याची मोटार धरली. स्टँडावर उतरलो आणि चाचांच्या घरापर्यंत मी, सरकारी शाळेचा शिक्षक, पळत गेलो. पोरं हसली. हसू देत.

चाचा दुकानात बसले होते. गुडघे गेले होते, नजर मंदावली होती. अण्णा वर्षापूर्वीच गेल्याचं मला माहीत होतं. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी हातातली बांगडी पेटीत ठेवली.

"अण्णा गेल्यावर जुळ्यांस्नी पोरं झाली, मास्तर," मग ते हळूच म्हणाले. "म्या हितंच बसून ऱ्हायलो. उठून जायचं कुठं?" आणि थोडं थांबून, "तुमी मलाच सांगाया आलात? मला पयलं?"

"तुम्हालाच, चाचा. अजून कुणालाच नाही."

त्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि माझा हात धरून मला जवळ बसवून घेतलं. "तुमी लई घाईनं सांगितलं," ते म्हणाले. "आता सावकाश, परत सांगा."

मी परत सांगितलं.