काकांच्या फाइलचं पहिलं पान

आमचे काका हेलिकॉप्टर दुरुस्त करतात. हायड्रॉलिकचं तेल गळालं तर वैमानिकाच्या हातातला दांडा कसा दगडासारखा जड होतो, हे जेवताना ऐकून ऐकून आमचे कान किटलेत. घरातला नळही गळतो का, हे ते पांढरं फडकं फिरवून तपासतात. ते फडकं दिसलं की काकूचं डोकं फिरायचं.

मागच्या महिन्यात ती कडाडलीच, "जगातल्या अपघातांची फाइल केलीय यांनी! लोकांच्या चुका तोंडपाठ. स्वतःची एक तरी लावलीय का त्यात?"

काकांनी फाइल आणून पहिलं पान उघडलं. 'तेलाच्या नळीचा नट मी पुरता आवळला नव्हता. हेलिकॉप्टर पडलं. वैमानिकाचा पाय गेला.' खाली काकांची सही होती.

"कामावर नवा माणूस आला की आधी हेच वाचायला देतो," काका म्हणाले.

 हल्ली ते फडकं काकूच धुऊन ठेवते, पांढरंशुभ्र.