सुलभाताईंची शुक्रवारची मॅच

अरविंदकाकांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. "सुलभा गेली गं," एवढंच म्हणाले. त्यांच्या सांगलीच्या घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता... सकाळी अंघोळ करून देवासाठी फुलं काढायला त्या अंगणात गेल्या, पायरीवर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. या गोष्टीला आता महिना होत आला. लिहायला बसले की दरवेळी मला सांगली दिसत नाही, दिसतं बहारीन. माहूजमधली आमची तीन मजली इमारत, खालच्या मजल्यावरचं त्यांचं दार, आणि साडीचा पदर कमरेला खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून जिन्यात उभं राहून मला हाक मारणाऱ्या सुलभाताई.

त्या माहेरच्या मिरजेच्या. विद्यापीठाच्या संघातून व्हॉलीबॉल खेळलेल्या. त्यांचे यजमान अरविंदकाका बहारीनच्या विमानतळावर मेकॅनिक म्हणून लागले आणि वर्षभरानं ताईही तिकडे आल्या. तिथल्या आमच्या भारतीय शाळेत त्यांना खेळाच्या शिक्षिकेची नोकरी मिळाली. मैदान म्हणजे नुसती वाळू. वारा सुटला की चेंडू कुठे जाईल याचा नेम नसायचा आणि खेळून घरी आल्यावर केसांतून मूठभर वाळू निघायची. सर्व्हिस करताना आम्ही नुसता हात फिरवायचो. "हात कशाला, खांदा टाक खांदा! भाकरी थापतेयस का तू?" असं त्या ओरडायच्या. मुलींना आधी हसू यायचं, मग खांदा यायचा.

तेव्हा आसपासच्या चार साध्या शाळांची मिळून मुलींची एक साखळी स्पर्धा चालायची. आम्ही, एक पाकिस्तानी शाळा, मनामामधली एक छोटी शाळा आणि जिदहफ्स गावातली मुलींची अरबी शाळा. जिदहफ्सच्या मुली फार चांगल्या खेळायच्या. त्यांचं सिमेंटचं कोर्ट उंच भिंतीच्या आत होतं, त्यामुळे बाहेरच्या कुणाची नजर नसायची आणि त्या मनसोक्त आरडाओरडा करायच्या. त्यांची कॅप्टन झहरा नेटपाशी उभी राहून "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत अख्खी टीम हलवायची. तिकडे शिक्षिकेला 'अबला' म्हणतात. पहिल्यांदा झहरानं "अबला सुलभा!" अशी हाक मारली तेव्हा आम्ही सगळ्या मराठी मुली एकमेकींकडे बघून हसत सुटलो. ताईंना अर्थ कळल्यावर त्याही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी अबला म्हटल्याचं बरं वाटलं," असं म्हणाल्या. पुढे आम्हीही त्यांना चिडवायला अबला म्हणायचो.

मी नववीत असताना शाळेकडे एक निमंत्रण आलं. बहारीनमधल्या महागड्या इंग्रजी शाळांची आपली वेगळी स्पर्धा होती. हिरवळीची मैदानं, लाकडी जमिनीचे हॉल, विलायती हेडमास्तर. तिथली मुलं पुढे थेट इंग्लंडच्या विद्यापीठांत जायची. त्यांना एक संघ कमी पडत होता. आमच्या शाळेनं यावं, मात्र जुनी साखळी सोडून यावं, अशी अट होती. माझे वडील शाळेच्या पालक समितीवर होते. चिपळूणहून आलेले, शिपिंग कंपनीत कारकून, आणि मुलीनं परदेशात शिकावं हे त्यांचं एकमेव स्वप्न. निमंत्रणानं ते हरखून गेले. त्या संध्याकाळी ताई आणि काका आमच्याकडे चहाला आले होते, तेव्हा बाबा जवळजवळ भाषणच करत होते.

"वहिनी, तुम्ही खेळाचा विचार करताय, मी शाळेचा करतोय. उद्या आपल्या मुलीनं कुठे अर्ज केला तर विचारणार ना, ही कुठली शाळा? त्या मोठ्या शाळांच्या पंक्तीत आपलं नाव दिसलं की आपोआप वजन वाढतं. जिदहफ्सशी खेळून काय वजन वाढणार?"

ताईंनी कप खाली ठेवला. "साळवीभाऊ, आम्ही सपाटून हरणार बरं का तिथं."

"हरा की! पण त्यांच्याबरोबर हरा."

ताईंनी माझ्याकडे एक नजर टाकली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. जाऊ या. चांगल्या गोष्टी बघायला मिळत असतील तर मुलींना का अडवू? पण साखळी सोडायची म्हणजे मैत्री सोडायची असं नाही. दर शुक्रवारी मी मुलींना घेऊन जिदहफ्सला जाणार. स्पर्धा नाही, पॉइंट नाहीत, नुसती मॅच."

बाबांना ते फारसं पटलं नाही. समितीलाही नाही. शेवटी शाळेची बस मिळणार नाही एवढ्यावर मिटलं. मग अरविंदकाका आपली पिकअप काढायचे आणि तिकडच्या शुक्रवारच्या सुट्टीत झोपायचं सोडून दोन खेपांत आम्हाला जिदहफ्सला पोचवायचे. खजुरांच्या बागांमधून जाणारा तो रस्ता आणि पुढच्या सीटवरून मागं वळून "कुणाचे बूट राहिले का घरी?" असं विचारणाऱ्या ताई... शुक्रवार म्हटलं की मला अजून तेच आठवतं.

मला मात्र नव्या स्पर्धेची भुरळ पडली होती. गुळगुळीत लाकडावर बुटांचा आवाज करत आम्ही खेळलो आणि ताई म्हणाल्या होत्या तशाच सपाटून हरलो. पहिल्या मॅचनंतर आम्ही माना खाली घालून निघालो, तर ताईंनी दारातच अडवलं. "हरलो ते हरलो. पण रिकाम्या हातानं घरी जायचं नाही. आपण पाहुण्या आहोत, पाहुण्यांनी घर बघायला मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. जा, प्रत्येकीनं काहीतरी बघून या." आणि स्वतः पुढे होऊन, आपल्या मिरजेच्या इंग्रजीत, तिथल्या बाईंना म्हणाल्या, "माय गर्ल्स वाँट टू सी युवर स्कूल." त्या बाईंना आधी नवल वाटलं असावं, पण त्या हसून आम्हाला आत घेऊन गेल्या.

त्या वर्षी आम्ही एकही मॅच जिंकलो नाही, पण प्रत्येक शाळेची लायब्ररी पाहिली. एके ठिकाणी चित्रकलेचा स्वतंत्र वर्ग होता, तिथं आमची सेटर रेखा इतकी रमली की तिला ओढून बाहेर काढावं लागलं. मी फिजिक्सच्या प्रयोगशाळेत अडकले. आमच्या शाळेत फळ्यावरच्या आकृतीत पाहिलेली उपकरणं तिथं टेबलावर होती, हात लावू देत होते. हिरव्या पडद्यावर आवाजाची लाट सरकताना मी पहिल्यांदा पाहिली. मी तिथंच उभी राहिले. ताईंनी ते पाहिलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी मला न सांगता त्या तिथल्या फिजिक्सच्या शिक्षकांना भेटून आल्या. त्यानंतर दर आठवड्याला एकदा, शाळा सुटल्यावर मला त्या प्रयोगशाळेत बसायची परवानगी मिळाली. मी इंग्लंडला काही गेले नाही, ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण पुण्यात येऊन फिजिक्स शिकले, आता शिकवते. त्याची सुरुवात एका हरलेल्या मॅचनंतर झाली, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

दोन हंगाम असे गेले. मग इंग्रजी शाळांनी आपापसांत नवी मांडणी केली. त्यांच्याच तोलाच्या आणखी काही शाळा आल्या होत्या, त्यांची वेगळी स्पर्धा झाली आणि आमच्या शाळेला नम्र शब्दांत कळवण्यात आलं, की यंदा जागा नाही. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. ज्या पंक्तीत बसायला ते इतके धडपडले होते तिथून उठवलं गेल्याचं दुःख होतंच. शिवाय इकडे जुन्या साखळीत कुठल्या तोंडानं परत जायचं, हा प्रश्न होता. ती आम्हीच सोडून आलो होतो. टीमच बंद होणार, असं समितीत बोललं जाऊ लागलं.

ताई वर आल्या. माझ्या वडिलांना टोचून बोलायची संधी त्यांना आयती मिळाली होती, पण तसं काही त्या बोलल्या नाहीत. "भाऊ, चला, जिदहफ्सला जाऊन येऊ. साखळीचं सगळं त्यांची हेडमिस्ट्रेसच बघते. तुम्ही समितीतर्फे विचारा, मी बरोबर आहे."

मीही गेले. त्या शाळेच्या बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते, हातातल्या रुमालाची सारखी घडी करत. हेडमिस्ट्रेस आल्या, कॉफी आली, खजूर आले. बाबांनी घरून जुळवून आणलेली वाक्यं सुरू केली. दोन वर्षांपूर्वी काही कारणांमुळे आमच्या शाळेला साखळी सोडावी लागली, आता परत येण्याची आमची विनंती आहे... बाई ऐकत होत्या. मग गोंधळून त्यांनी ताईंकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "परत? पण तुम्ही गेलाच कुठे होतात? दर शुक्रवारी तर इथेच असता."

बाबांनी रुमाल खिशात ठेवला. ताईंनी हळूच त्यांच्यापुढे खजुरांची ताटली सरकवली. "घ्या भाऊ," एवढंच म्हणाल्या.

 परतताना पिकअपमध्ये, माहूजच्या वळणावर बाबा म्हणाले, "वहिनी, तुम्ही आमची जागा राखून ठेवलीत." ताई म्हणाल्या, "मी कसली ठेवतेय? मुली खेळत राहिल्या, जागा राहिली." त्या शुक्रवारी बाबा स्वतः समोशांचा मोठा पुडा घेऊन आमच्याबरोबर आले आणि भिंतीबाहेर काकांशेजारी उभं राहून आतला आरडाओरडा ऐकत राहिले. पुढच्या वर्षी आम्ही साखळीत दुसऱ्या आलो. पहिली अर्थातच झहराची टीम.

ताई आणि काका सांगलीला परतले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दिवसकार्य झाल्यावर मी काकांना भेटायला गेले. काका खूप थकलेले वाटले. आम्ही बोलत बसलो होतो, तोच ऊन उतरलं आणि ते एकदम उठले. कोपऱ्यातली गुंडाळलेली नेट उचलून अंगणात गेले. एक टोक पेरूच्या झाडाला, दुसरं गेटच्या खांबाला. गाठी सावकाश, पण पक्क्या मारल्या. मला कळेना. मग फाटक वाजलं आणि गल्लीतल्या शाळकरी मुली आत येऊ लागल्या. ताई त्यांना रोज शिकवत होत्या. काकांना खेळातलं काही कळत नाही, पण ताई गेल्यावरही नेट बांधायचं त्यांनी एक दिवसही थांबवलं नव्हतं.

मुलींनी मोजून पाहिलं. एक कमी होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला येतं ना गं अजून?"

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि नेटपाशी जाऊन उभी राहिले. समोरची मुलगी सर्व्हिस करायला आली. तिनं चेंडू वर टाकला, आणि खांदा टाकला.